मधल्या थरात अडलेली हाक

हेमंत, काल तुझं उत्तरकार्य, गंधमुक्ती झाली. पुरुषोत्तमनगरला तुमच्या घरासमोर मांडव टाकला होता, आणि त्या मांडवात बसून मी सकाळभर तुझं कौतुक ऐकलं. तू देवमाणूस होतास म्हणे. कोणाचं मन मोडत नव्हतास, कोणाला नाही म्हणत नव्हतास, दुसऱ्याच्या चुका पोटात घालत होतास. हे शेवटचं ऐकलं तेव्हा मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. इतका राग आला होता की कप फुटला असता.

तू असा अचानक जाशील असं कोणाच्या मनात नव्हतं. छातीत कळ काय येते, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपतं काय. लोक म्हणतात सुटला, हाल झाले नाहीत. खरं आहे. तुझे हाल झाले नाहीत. पण तू ज्यांचं देणं ठेवून गेलास त्यांचं काय? पैशाचं म्हणत नाही मी. तुला कळतंय मी कशाबद्दल बोलतेय. जिवंत असताना कळत नसल्यासारखं करायचास, आता तरी ते सोंग नको.

मला तुझ्याशी भांडायचं होतं. पुष्कळ भांडायचं होतं. आणि ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच फोटोला हार घालून नमस्कार करून यावं लागलं.

तरी खोटं बोलणार नाही. मला काम तू शिकवलंस. शहाद्यात माझी पदवी हातात घेऊन मी घरी बसले होते, पुण्याला पाठवायला वडील तयार नव्हते. तू आमच्या ओट्यावर येऊन बसलास, पाणीसुद्धा न पिता सरळ वडिलांना म्हणालास, "काका, पोर मन्हा संगे काम करी. गावमा कोन्ही काही बोलनं ते माले येईसन बोला." कॉलेजात माझ्या वर्गातला मुलगा, मिशासुद्धा धड फुटलेल्या नव्हत्या, आणि बोलणं असं जणू काही जिल्ह्याचा जामीनदार. वडील हसले आणि हो म्हणाले. त्या दिवसाचे उपकार मी विसरलेली नाही. माझ्या आणि जगाच्या मध्ये तू उभा राहिलास म्हणून मला वाट मिळाली. पुढे त्याच जागेवरून तू हललाच नाहीस, हे मला फार उशिरा कळलं.

एका दुकानाच्या वरच्या खोलीत आपलं ऑफिस. खाली ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, वर आपण दोघं आणि एक पंखा. तिथं तू मला पहिल्यांदा सांगितलंस की मोठं सॉफ्टवेअर कसं लिहायचं. मी म्हणत होते की प्रत्येक गिऱ्हाईकाला काय हवं ते विचारू आणि तसं लिहून देऊ. तू म्हणालास, असं केलंस तर दहावं गिऱ्हाईक येईपर्यंत तुझीच तुला भाषा कळणार नाही. मग खिडकीकडे बोट केलंस. गल्लीत कोणी बाई ओरडली होती, "नळ उनात!" आणि घराघरातून माणसं बाहेर येत होती. कोणी हंडा लावला, कोणी मोटर जोडली, एकजण गाडी धुवायला लागला, आणि समोरचे मास्तर कूस बदलून परत झोपले.

"ती बाईले माहीत शे का, कोन काय करी?" तू विचारलंस. "तिनं काम फक्त हाक मारानं. आयकनारा आपापलं देखी लेतस."

आपल्या सॉफ्टवेअरचं नाव तेव्हाच ठरलं, हाक. त्याचा गाभा अगदी लहान ठेवला. गाभ्यानं एवढंच करायचं की गिऱ्हाईकाच्या शेतात, शेडात काही घडलं की ते मोठ्यानं सांगायचं. पंप सुरू झाला. दार उघडलं. शेड तापलं. ते ऐकून काय करायचं ते प्रत्येक प्लगइननं, म्हणजे गाभ्याला बाहेरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामनं, स्वतः ठरवायचं. नवं गिऱ्हाईक आलं की गाभ्याला हात लावायचा नाही, फक्त एक नवा ऐकणारा लिहून जोडायचा. आणि एक ऐकणारा बिघडला तरी बाकीच्यांचं काम चालू राहायचं.

किती मजा होती रे त्यात. प्रकाशा गावचा तो केळीवाला आठवतो? पंप बंद पडला की मेसेज माझ्या फोनवर नको, बायकोच्या फोनवर पाठवा, असं म्हणणारा. का, तर "मी फोन उचलत नही, आनी तिले राग ऊना की मी पंप चालू करस." एका दुपारी मी त्याच्यासाठी प्लगइन लिहिलं. तू त्याला नाव दिलंस 'गृहमंत्री'. गाभ्यातली एक ओळ बदलली नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी चांगलं बांधलं आहे. नंतर केळी पिकवायच्या खोल्या आल्या, शीतगृह आलं, नवापूरची पोल्ट्री आली. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, आणि हाकेला काहीच जड गेलं नाही.

आपलं भांडण मधल्या थरावरून सुरू झालं.

गाभ्यानं हाक मारणं आणि ऐकणाऱ्यांनी ती ऐकणं, यांच्या मध्ये तू एक थर घातलास. सुरुवातीला त्याचं काम साधं होतं. आलेल्या घटनेवर वेळ टाकायची, एकच घटना दोनदा आली असेल तर एक गाळायची, नोंद करायची. त्या थरातला प्रत्येक टप्पा घटना बघून 'पुढे जाऊ दे' असं म्हणायचा, मग ती पुढच्याकडे जायची. त्याला माझी ना नव्हती. पण हळूहळू तू त्याला जास्त अधिकार द्यायला लागलास. ही घटना महत्त्वाची नाही, थांबव. ही नंतर दे. या गिऱ्हाईकाला हे नको, गाळ.

मी म्हटलं, मधल्यानं बघावं, लिहावं, शिक्का मारावा, पण अडवू नये. ऐकायचं की नाही ते ऐकणाऱ्याला ठरवू दे. कारण मध्ये कोणी अडवलं तर पलीकडच्याला कळणारसुद्धा नाही. त्याच्यासाठी काही घडलं नाही आणि घडलेलं कोणी दाबलं, दोन्ही सारखंच. दोन्ही वेळेला नुसती शांतता.

तू हसलास. "मधलाले अडावाना हक्क नही, मंग तो तठे बठीसन करी काय? च्या पी?"

आपण यावर किती बोललो असू. चहावर, एसटीत, नवापूरला जाताना विसरवाडीच्या धाब्यावर. तुझं म्हणणं होतं की एकाच ठिकाणी लिहिलं की काम सोपं होतं, दहा प्लगइनमध्ये तीच गोष्ट कशाला लिहायची? माझं म्हणणं होतं की एकाच ठिकाणी लिहिलेली चूकही दहा ठिकाणी जाते. तू मला घाबरट म्हणायचास, मी तुला पाटील म्हणायचे. तेव्हा ते भांडण गोड होतं. आपल्याला दुसरा उद्योगही काय होता?

पण मी तेव्हाच बघायला हवं होतं की गिऱ्हाईकांच्या बाबतीतही तुझं तेच चाललंय. फोन तुझ्याकडे यायचे. बैठकीत बोलायचास तू. मी शेजारी बसायचे आणि तू म्हणायचास, "वर्षा मॅडम कोड लिहितात." बिपीनभाईंना माझा नंबर हवा होता तर तू म्हणालास, मला सांगा, मी सांगतो तिला. तुला वाटायचं तू मला त्रासापासून वाचवतोयस. मीही तसंच समजत होते. मग तो मे महिना आला.

बिपीनभाई म्हणजे नवापूरचं आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, अंड्यांच्या कोंबड्यांची लांबच लांब शेडं. माणूस भला, पण घाईचा. पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टका चालू असताना त्यांच्या खिशात हाकेचा भोंगा वाजला. खाद्य कमी आहे, एवढंच सांगत होता तो, पण वाजला असा की भटजी थांबले. मांडवभर हशा पिकला. दुसऱ्या दिवशी ते तुझ्याकडे आले आणि म्हणाले, लग्नात असताना मला काही नको. आपल्याकडे मे महिन्यात माणूस लग्नात नसतो कधी? एका दिवसात तीन-तीन मांडव, इथे टाळी लागली, अक्षता पडल्या, की तिथे जेवायला पळायचं.

मग तू काय केलंस? भिंतीवरचं पंचांग काढलंस. मोठ्या लग्नतिथी बघितल्यास, त्या तारखा मधल्या थरात टाकल्यास, आणि त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बिपीनभाईंच्या शेडातल्या घटना अडवून ठेवायच्या आणि रात्री एकत्र द्यायच्या असं लिहून टाकलंस. मेसेजचं प्लगइन वेगळं, फोनचं वेगळं, भोंग्याचं वेगळं. तिन्हींत लिहायचा कंटाळा आला असेल. मध्ये एकदाच लिहिलं की झालं. गिऱ्हाईक खूश. मला सांगितलंही नाहीस, एवढं किरकोळ काय सांगायचं म्हणून.

जगात कुठल्या सॉफ्टवेअरनं लग्नाचे मुहूर्त पाळले असतील? दुसरं कोणी हे केलं असतं तर मी पोट धरून हसले असते.

कारण लग्नतिथी कधी असतात हेमंत? नेमक्या त्याच दिवसांत, जेव्हा डांबर वितळतं. आणि 'शेड तापलं' ही हाक निरोप देणारी ती तीन प्लगइनंच ऐकत नव्हती फक्त. माझं प्लगइनही ऐकत होतं. शेड तापलं की फवारे सुरू करणारं, छतावर पाणी सोडणारं. ते कोणाच्या लग्नाला गेलेलं नव्हतं. ते तिथेच होतं, कान लावून. त्याच्यापर्यंत काही पोचलंच नाही.

त्या दुपारी शहाद्याला मोठं लग्न होतं. बिपीनभाई पंक्तीत होते, तू होतास, मीही होते. वरण-बट्टी वाढत होते आणि तू आग्रह करून माझ्या पानात तूप ओतायला लावलंस. शेडावरचा गडी जेवून सावलीला आडवा झाला होता, पाणी आपोआप सुरू होतं हे आपणच त्याला शिकवलं होतं. आपण हात धुतले तोपर्यंत तिकडे कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख पसरून मेल्या होत्या. अख्खं शेड.

संध्याकाळी आपण तिथे पोचलो. तो वास, आणि त्या पांढऱ्या ढिगातून माणसं फावड्यानं वाट काढत होती. बिपीनभाई रडले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "हा पाणीवाला भाग कोणी बनवला?"

आणि तू म्हणालास, "फवाऱ्याचं प्लगइन वर्षानं लिहिलंय."

एक शब्द खोटा नव्हता. म्हणून तर इतकी वर्षं मला धड ओरडताही आलं नाही. तू खोटं बोलला असतास तर मी तुला खोटारडा म्हटलं असतं आणि मोकळी झाले असते. तू खरं बोललास आणि अर्ध्यावर थांबलास. बिपीनभाईंनी माझ्याकडे बघितलं. तोवर ते माझ्याशी कधी नीट बोललेही नव्हते. माझी ओळख त्यांना झाली ती अशी.

मला तर लग्नतिथीचं माहीतच नव्हतं. मला वाटलं माझंच चुकलं. मी माझं प्लगइन उलटंपालटं करून बघितलं, तोंडात घास जाईना, डोळे मिटले की ते शेड दिसायचं. आणि तू समोरच्या खुर्चीत बसून मला शोधू देत होतास. "सापडी जाई," म्हणत होतास. अरे, तुला ठाऊक होतं! पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी शेवटी घटनेचा माग काढत मागे गेले आणि बघते तर हाक मारलेली आहे, वेळेवर मारलेली आहे, आणि मधल्या थरात पडून आहे, तुझ्या हाताच्या तीन ओळींखाली.

मी स्क्रीन तुझ्याकडे वळवला. तू त्या ओळी वाचल्यास. मग म्हणालास, "मी सांगसू बिपीनभाईले. लग्नसराई सरू दे."

लग्नसराई सरली. पाऊस पडला, कापूस फुटला, ऊसतोड सुरू झाली. लग्नतिथी तू काढून टाकलीस, तिथे तू चपळ होतास. बिपीनभाईंना सांगायचं मात्र राहून जात होतं. आत्ता सांगितलं तर ते सोडून जातील. थोडं सावरू दे त्यांना. नाव तुझं-माझं काय वर्षे, दुकान तर दोघांचंच ना. एकदा तर म्हणालास की ते कधीच विसरले असतील. ते विसरले नव्हते. आणि मी स्वतः जाऊन सांगितलं असतं तर आपली चूक तुझ्यावर ढकलतेय असंच दिसलं असतं. नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांत सगळीकडे पसरलं होतं, की त्या मॅडमच्या भागानं घात केला. दुसऱ्या एका शेडवाल्यानं काम देताना तुला अट घातली, मॅडमनं हात लावायचा नाही. ती अट तू मान्य केलीस. मला म्हणालास, तू काही दिवस माहितीपुस्तिका लिही.

मी काम सोडून गेले. भांडून गेले नाही, निरोपाचा चहा पिऊन गेले, आणि त्यामुळे सगळ्यांची खात्रीच पटली की चूक माझी असणार. आता सुरतच्या लोकांचं काम घरी बसून करते. चांगलं चाललंय. पण शहाद्यात, प्रकाशाला, नवापूरला, जिथे माझं बोलणं लोकांना कळतं आणि लोकांचं मला, तिथे मला काम नाही. तुला याची किंमत कधी कळली का? मला वाटतं कळली होती. म्हणून तू तुझा कोड मला पाठवत राहिलास. "देख जरासं," एवढंच लिहून. मी बघायचे, चुका दाखवायचे, परत पाठवायचे. हे आपण कोणाला सांगितलं नाही. माझ्या हाताला बंदी असलेल्या कामावरून माझीच नजर फिरत होती, आणि तुला ते चालत होतं. मला का चालत होतं, विचारू नकोस. हाक माझीही होती.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तू आमच्याकडे जेवायला आलास ते शेवटचं. आमरस दोनदा घेतलास. आईची चेष्टा केलीस, माझ्या मुलीला झोक्यावर झोका दिलास. मग मीच विषय काढला. मी म्हटलं, हेमंत, एक वाक्य. बिपीनभाईंना फोन लाव आणि एक वाक्य बोल, मी इथे बसलेय.

तू ताटाकडे बघत म्हणालास, "तू आजून तेच धरीसन बठनी का?"

मी उठून आत गेले. तू हात धुऊन, आईच्या पाया पडून निघून गेलास. गाडी सुरू झाल्याचं ऐकलं मी स्वयंपाकघरातून. तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं हे. यावर फुलं वाहू का मी?

काल मनीषावहिनीनं मला आत बोलावलं. डोळे सुजलेले, पदर ओला. माझा हात धरून म्हणाली, "वर्षाताई, त्यासनी माले तवयच सांगं व्हतं. चूक मन्ही शे, वर्षानी नही, आसं. त्या दिवशे जेवाले बी बठनात नही."

मी विचारलं, आणखी कोणाला माहीत आहे?

"नानासले," ती म्हणाली. तुझ्या वडिलांना.

म्हणजे घरादाराला माहीत होतं. बायकोला सांगितलंस, बापाला सांगितलंस. त्यांच्यापुढे मन हलकं करून घेतलंस. फक्त ज्या एका माणसाला सांगायचं होतं त्याला सोडून सगळ्यांना. मला तोवर वाटत होतं की तू स्वतःशीच कबूल होत नव्हतास, म्हणून बोलला नसशील. ते मी समजून घेतलं असतं. तू तर कबूल होऊन, जेवण टाकून, रडून वगैरे मोकळा झाला होतास. मला बाहेर तसंच उभं ठेवून.

वहिनी म्हणाली, "गिऱ्हाईकसना फोन येतस. माले काही कळत नही. आते हाई कोन देखी? तूच ले हातमा."

"लेस मी," मी म्हटलं. "पन पहिले बाहेर एक गोष्ट सांगनी शे माले."

ती समजली. तिनं तुझ्या कपाटाचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "सांग. मी आडावाव नही तुले."

तुझी बायको तुझ्यापेक्षा मोठ्या मनाची आहे, हेमंत.

मी मांडवात गेले. बिपीनभाई नानांच्या शेजारी बसले होते, डोक्यावर पांढरी टोपी. मी समोर बसले तसे तेच बोलायला लागले. "बेन, हेमंतभाई बहु सारो माणूस. तुमच्या हातून एवढं झालं, पण त्यानं कधी तुमचं नाव खराब नाही केलं. एक शब्द नाही बोलला तुमच्याविरुद्ध."

तेव्हा मी सांगितलं. आवाज चढवला नाही. म्हटलं, बिपीनभाई, ती चूक माझी नव्हती. फवाऱ्यापर्यंत निरोप पोचलाच नव्हता. तुम्ही लग्नात भोंगा नको म्हणालात, म्हणून हेमंतनं लग्नतिथीला सगळे निरोप मध्येच थांबवले होते. माझ्या भागाला कळलंच नाही की शेड तापलंय. हेमंतला हे माहीत होतं.

बिपीनभाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ना, ती त्या दिवशी शेडातसुद्धा नव्हती. तिथे नुसतं दुःख होतं. इथे किळस होती.

"जाऊ द्या ना बेन," ते हळू म्हणाले. "माणूस गेला. आजच्या दिवशी त्याच्यावर टाकून तुम्हाला काय मिळणार?"

मागून कोणी बाई पुटपुटली, "गयेल माणूसनं नाव कसाले लेस माय." मी नानांकडे बघितलं. त्यांना माहीत होतं. त्यांनी एकदा मान हलवली असती तरी पुरलं असतं. ते उपरण्यानं तोंड पुसत होते. मग उठले आणि आचाऱ्याकडे बघून म्हणाले, "पानं वाढा रे. ऊन चढी ऱ्हायनं."

पानं वाढली. मीही बसले. उठून गेले असते तर आणखी एक गोष्ट झाली असती सांगायला. बिपीनभाई दूरच्या पंगतीत बसले. जाताना वहिनीला सांगून गेले की ते त्यांचं काम आता सुरतच्या कोणाला तरी देणार आहेत. बाकीचे राहतील. केळीवाला राहील, शीतगृह राहील. आज सकाळी मी हाक उघडली आणि मधल्या थरातला अडवण्याचा अधिकार सगळीकडून काढून टाकला. आता तो बघेल, लिहील आणि पुढे जाऊ देईल. आपला वाद मी असा मिटवला, एकटीनंच. तू असतास तर चिडला असतास, आणि मला ते किती आवडलं असतं.

काल निघताना नाना फाटकापर्यंत आले. चप्पल घालत होते मी. ते कठड्याला धरून उभे होते, फार म्हातारे दिसत होते.

"बेटा," ते म्हणाले, "तू खोटं नही बोलनी. माले माहीत शे."

"मंग नाना, तुम्ही बोलनात का नही?"

त्यांनी रस्त्याकडे बघितलं.

"पोटना आंडोर व्हता मन्हा," ते म्हणाले.

मी वाकून त्यांच्या पाया पडले. त्यांना मी तिथल्या तिथे माफ केलं, हेमंत. तुला केलेलं नाही.